ढेकूण मेले, अंडी राहिली

प्रश्न: आमचं घर गुहागर तालुक्यात, चिऱ्याचं, कौलारू, वर लाकडी तक्तपोशीची माडी. एप्रिलमध्ये पाहुणे येऊन गेले आणि पाठोपाठ मधल्या खोलीत, सासूबाईंच्या सागवानी पलंगात ढेकूण दिसले. बाजारातले स्प्रे मारले, रॉकेल लावलं, गाद्या मे महिन्याच्या उन्हात टाकल्या. मेच्या सुरुवातीला आणि मग दीड महिन्याने, असं दोनदा माणूस बोलावून औषध फवारून घेतलं. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. मुलांना घेऊन माडीवर झोपायला गेलो, तर आता तिथेही झालेत. शेजारी सांगतात, धान्यात ठेवतात त्या गोळ्या ठेवून खोली दोन दिवस बंद करा. दीर म्हणतात, आंब्यावर मारायचं औषध घरात आहे तेच मारू. गणपती सात आठवड्यांवर आलेत, मुंबईहून दहा-बारा माणसं येणार. लाजेनं कुणाला सांगवत नाही. पलंग जाळून टाकावा का?
एक वाचक, गुहागर तालुका

ताई,

आधी त्या गोळ्यांचं. गोळ्या आणल्या असतील तर आजच घराबाहेर काढा. ते अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड आहे. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! हा वायू हवेपेक्षा जड असतो. तुमच्या माडीच्या फळ्यांच्या फटींतून तो खाली झोपलेल्या माणसांपर्यंत सहज उतरेल. कौलारू घराची खोली हवाबंद होतच नाही. या विषावर उतारा नाही, आणि ढेकणांसाठी खोलीत ठेवलेल्या अशा गोळ्यांनी आपल्या देशात माणसं, मुलं दगावलेली आहेत. डबी उघडली नसेल तर तशीच कोरडी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी घराबाहेर ठेवा आणि दुकानदाराला परत करा. पाण्यात किंवा वहाळात मुळीच टाकू नका. कुणी गोळ्या ठेवल्याच असतील तर सगळ्यांनी घराबाहेर पडा. मळमळ, छातीत दडपण किंवा धाप वाटली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आंब्याचं औषधही नको. ते उघड्यावर झाडासाठी बनवलेलं असतं, गादीवर तोंड ठेवून झोपणाऱ्या मुलासाठी नव्हे. शिवाय बागेतली बरीच औषधं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा 'थ्रिन' घराण्यातली. दुकानातले बहुतेक स्प्रेही त्याच घराण्यातले, आणि या घराण्याला ढेकूण ठिकठिकाणी सरावले आहेत. डीडीटीलाही ते पुरून उरले, तशा नोंदी १९४०च्या दशकापासूनच्या आहेत. औषधाचा जोर वाढवून ही लढाई जिंकता येत नाही. तुमच्या घरात चुकलंय ते दिवसांचं गणित.

ते गणित असं. मादी रोज दोन-तीन अंडी घालते आणि ती लाकडाला चिकटवून ठेवते. फवारणी अंड्यांना बहुधा मारत नाही. आपल्याकडच्या हवेत अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात. तुम्हाला आठ-दहा दिवस बरं वाटायचं ते यामुळेच: मोठे मेले होते, पिल्लं यायची होती. पिल्लू पाच वेळा कात टाकतं, प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं, आणि महिना-सव्वा महिन्यात ते स्वतः अंडी घालू लागतं. तुमच्या दोन फवारण्यांमध्ये दीड महिना गेला. तेवढ्यात एक अख्खी पिढी मोठी होऊन अंडी घालून मोकळी झाली. दुसरी फवारणी बाराव्या दिवशी झाली असती तर सगळी अंडी फुटलेली आणि एकही पिल्लू मोठं न झालेलं, अशा वेळी ती सापडली असती. म्हणून फवारणीचा दिवस पहिला धरा. दुसरी बाराव्या दिवशी, तिसरी तेविसाव्या दिवशी. तिसरी फवारणी मागे राहिलेल्यांसाठी असते, ती 'आता दिसत नाहीत' म्हणून टाळू नका. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास दिवस. तयारीला तीन दिवस धरले तरी तेवीस दिवसांत काम उरकून तीन आठवडे नुसतं लक्ष ठेवायला मिळतात. वेळ पुरेसा आहे, फक्त या आठवड्यात सुरुवात करा.

दुसरी चूक माडीवर झोपायला जाण्याची. ढेकूण आपल्या श्वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागाने येतो. माणूस खोली सोडून गेला की तो उपाशी मरत नाही. काही फटीत दबा धरून आठवडेच्या आठवडे काढतात, काही माणसाला शोधत निघतात, आणि उशा-पांघरुणांतून तर आपणच त्यांना वर नेतो. आता ज्याने त्याने आपापल्या जागीच झोपायचं. मधल्या खोलीतल्या पलंगावर एका मोठ्या माणसाने झोपायलाच हवं. तो पलंगच आपला सापळा आहे. जाळायचा विचारही नको. सागवान वाचवता येतं, आणि पलंग जाळला तरी चौकटीत आणि तक्तपोशीत बसलेले राहणारच.

आता प्रत्यक्ष काम. या दिवसांत ऊन नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. उन्हात टाकलेल्या गादीतला ढेकूण वरची बाजू तापली की खालच्या सावलीत सरकतो आणि कापसाचा गाभा तापतच नाही. म्हणून मे महिन्यातल्या उन्हानेही काम झालं नाही. ढेकूण आणि अंडी दोन्ही ५० अंश सेल्सिअसला लवकर मरतात, पण ती उष्णता ते बसलेत तिथपर्यंत पोचायला हवी. ते काम न्हाणीतला हंडा आणि इस्त्री उन्हापेक्षा चांगलं करतात.

पलंगापासून सुरुवात करा. जाड बेडशीट किंवा पांढरी चादर जमिनीवर पसरा, म्हणजे पडलेला ढेकूण दिसेल. हातात टॉर्च, एक जुनं एटीएम कार्ड आणि चिकटपट्टी घ्या. गादी उचला आणि पलंगाची आडवी पट्टी खांबात जिथे घुसते तो सांधा बघा. तिथे बॉलपेन टेकवल्यासारखे काळे ठिपके असतात, ओल्या फडक्याने पुसले की तपकिरी फराटा उठतो. ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. त्याच्या शेजारी फिकट पिवळी, पोकळ टरफलं, म्हणजे कात. आणि आत, कार्डाचं टोक जेमतेम जाईल अशा जागी, बारीक रव्याच्या कणांसारखी पांढरट अंडी, एक मिलिमीटरभर, ओळीने चिकटलेली. ती झटकून पडत नाहीत, कार्डाने खरवडावी लागतात. जिथे कार्ड जातं तिथे ढेकूण जातो, एवढं धरून प्रत्येक फट तपासा: फळ्यांची खालची बाजू, खिळ्यांची भोकं, डोक्याकडच्या नक्षीची मागची बाजू, खुरांची खालची टोकं. दिसलेले चिकटपट्टीवर उचला, पट्टी दुमडून साबणाच्या पाण्यात टाका. हाताने चिरडू नका, डाग पडतो आणि अंडी तिथेच राहतात.

मग पलंग सोडवून पडवीत आणा, अर्थात पावसाच्या झडीपासून आत. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सांधे आवळतात, हातोडी मारून ते उघडू नका. पाचर सैल करून जेवढं सुटेल तेवढं सोडवा. पाणी खळखळ उकळू द्या आणि टोटीच्या किटलीने प्रत्येक सांध्यात सावकाश धार धरा, एका सांध्याला दीड-दोन लिटर. हंडा पडवीपर्यंत नेता नेता पाणी निवतं, म्हणून शेगडी पलंगाशेजारीच मांडा. मुलांना त्या वेळी शेजारी पाठवा, उकळत्या पाण्याने भाजणं ढेकणापेक्षा कितीतरी वाईट. भरीव सागवानाला हे पाणी सोसतं, फार तर पॉलिश पांढरं पडेल. प्लायवूडच्या बॉक्स-बेडवर मात्र पाणी ओतू नका, तो फुगून उकलतो. तिथे कपड्यांचा हातातला स्टीमर चालवा, तोंडाला फडकं बांधून, बोटभर अंतराने, अगदी हळू. वाफेचा झोत जोरात लागला तर अंडी उडून भलतीकडे पडतात. घरात सुंभाची बाज असेल तर तिच्या प्रत्येक विणीत ढेकूण बसतो. तिला दोन्ही बाजूंनी उकळतं पाणी आणि आठवड्याने पुन्हा एकदा. नवार असेल तर सोडवून सरळ उकळा.

लाकूड पंख्याखाली दोन दिवस खडखडीत वाळू द्या. ओल्या लाकडावर फवारलेलं औषध पातळ होतं आणि वाहून जातं. वाळल्यावर फवारणी करून घ्या आणि फटी तेवीस दिवसांनंतर बुजवा, आधी नव्हे. आधी बुजवल्या तर औषध आत जाणार नाही. बुजवायला फेविकॉल आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा, सुतार तेच करतात.

गादी कापसाची असेल तर गाभ्याची काळजी कमी. ढेकूण शिवणीच्या दुमडीत, टाक्यांच्या खळग्यांत आणि खोळीच्या कोपऱ्यांत असतात. ओलसर फडकं टाकून तापलेली इस्त्री शिवणीवरून हळूहळू फिरवा, वीतभर शिवणीला पंधरा-वीस सेकंद, दोन्ही बाजूंनी. फोमच्या गादीवर इस्त्री चालवू नका, वितळते. तिला चेनची पूर्ण बंद होणारी खोळ घाला, चेनच्या शेवटच्या बोटभर जागेवर चिकटपट्टी लावा आणि वर्षभर ती खोळ काढू नका. गादी पिंजून घ्यायची असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या आणि पिंजाऱ्याला आधी सांगा, नाहीतर त्याच्या दुकानातून ढेकूण दहा घरी जातील.

चादरी, अभ्रे, वापरातले कपडे त्याच खोलीत पिशवीत भरा आणि मग न्हाणीकडे न्या. कवेत धरून घरभर नेलेल्या चादरीतून ढेकूण वाटेत गळतात. सुती कपडे हंड्यात दहा मिनिटं उकळा. मशीन असेल तर ६० अंशांचं पाणी लावा. रंग जाणारे आणि लोकरीचे कपडे फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, किमान चार दिवस, जाड असतील तर आठवडाभर. गोधड्या-वाकळी उकळल्या तर या हवेत वाळणार नाहीत, कुबट होतील. त्यांना इस्त्रीच बरी, ओळीओळीने, विशेषतः काठांवर. धुतलेले कपडे इस्त्रीने पूर्ण कोरडे झाल्यावरच पिशवीत बांधा. अर्धवट ओल्या कपड्यांना आठ दिवसांत बुरशी येते.

खोलीत पलंगाभोवती चार-पाच पावलांवरचं सगळं बघा: दाराची चौकट, कपाटाची पाठ, भिंतीवरचं घड्याळ, कॅलेंडर, देवाच्या तसबिरींच्या मागचा पुठ्ठा, माडीच्या तक्तपोशीची खालची बाजू. चिऱ्यांच्या सांध्यांतला गिलावा सुटला असेल तर तिसऱ्या फवारणीनंतर तोही भरून घ्या. स्विचबोर्डात ढेकूण बसतात, पण मेन स्विच बंद केल्याशिवाय तो उघडू नका आणि तिथे पाणी, वाफ, फवारा काहीच नको. मागच्या पडवीत कोंबड्यांचं खुराडं भिंतीला लागून असेल तर तिथेही टॉर्च फिरवा, ढेकूण कोंबडीचंही रक्त पितो. बोरिक पावडर टाकायला सांगतील. ती पोटात गेली तरच मारते आणि ढेकूण रक्ताशिवाय काही खात नाही. डायटोमेशियस पावडर, म्हणजे सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची भुकटी, कोरड्या हवेत चांगली. ती ढेकणाच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडून त्याला सुकवते, पण श्रावणातल्या कोकणात सुकणारं काहीच नसतं. तिच्या भरवशावर राहू नका.

फवारणारा माणूस बोलावताना तीन गोष्टी विचारा. कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का? औषधाचं नाव काय, आणि बाटलीवर घरातल्या वापराचा उल्लेख आहे का? आणि बाराव्या, तेविसाव्या दिवशी परत याल का, तारीख आताच लिहून द्याल का? मागच्या दोन्ही वेळा वापरलेलं औषध 'थ्रिन' घराण्यातलं असेल तर या खेपेला वेगळ्या घराण्यातलं मागा. 'एकदाच मारतो, सहा महिने बघायला नको' म्हणणारा माणूस नको. भिंती आणि फरशी भिजवून जाणाराही नको. बारीक तोटीने सांध्यांत, चौकटीत, फळ्यांच्या खाली फवारायला हवं. तुम्ही समोर उभं राहून सांधे दाखवा, मग बाहेर जा. औषध वाळेपर्यंत मुलं, म्हातारी माणसं, मांजर-कुत्रं आत नको. बाळाच्या पाळण्यावर फवारू देऊ नका, पाळण्याला फक्त उकळतं पाणी आणि वाफ. आणि पहिल्या फवारणीनंतर सांध्यांवर पुन्हा पाणी ओतू नका, औषध धुऊन जातं. मधल्या दिवसांत टॉर्च, चिकटपट्टी आणि शिवणींवर इस्त्री एवढंच. फवारणीचा खर्च परवडत नसेल तर नुसत्या उष्णतेनेही होतं, मात्र मग उकळतं पाणी आणि इस्त्री दर सात दिवसांनी, किमान सहा वेळा, एकही आठवडा न चुकवता.

पलंग जागेवर लावताना भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. चादर जमिनीला टेकू देऊ नका. मच्छरदाणीच्या दोऱ्या भिंतीच्या खिळ्यांना न बांधता पलंगाच्याच खांबांना बांधा आणि कड गादीखाली खोचा. आता चारही खुरांखाली दुहेरी वाट्या. जुन्या माणसांना पाण्यातल्या वाट्या ठाऊक आहेत, पण त्यात दोन त्रुटी राहतात: खूर पाण्यात राहून कुजतो आणि साठल्या पाण्यात डास होतात, डेंग्यूच्या दिवसांत हे परवडणारं नाही. म्हणून खूर एका पसरट प्लास्टिकच्या वाटीत कोरडा उभा करा. ती वाटी मोठ्या खोलगट ताटलीत ठेवा. ताटलीत दोन बोटं पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब. साबणाने ढेकूण बुडतो आणि डासाची अळीही जगत नाही. पाणी दर तीन दिवसांनी बदला. ताटलीच्या बाहेरच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे जमिनीवरच्या ढेकणाला वर चढून पाण्यात पडता येईल. आतल्या वाटीत मात्र टाल्कम पावडरचा अगदी पुसट हात फिरवा. आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत प्लास्टिकवरही चढू शकतो, पावडरवर त्याचा पाय घसरतो. ओल्या हवेत पावडर गोळा होते, आठवड्याने पुसून पुन्हा लावा.

या वाट्या रोज सकाळी बघा आणि वहीत लिहा. आतल्या वाटीत सापडला तर तो पलंगावरून उतरलेला, म्हणजे पलंगातलं काम अपुरं आहे. बाहेरच्या पाण्यात सापडला तर तो खोलीतून येतोय, चौकटी आणि तक्तपोशी पुन्हा तपासा. पिल्लं फिकट, पारदर्शक असतात, भिंग घेऊन बघा. माडीवर झोपण्याच्या जागीही हेच सगळं, त्याच तारखांना. खाली एक तारीख आणि वर दुसरी केलीत तर ते एकमेकांच्या खोलीत जात राहतील.

मुलांच्या चाव्यांबद्दल घाबरू नका. ढेकणाच्या चाव्यातून माणसाला रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. खाजवून जखम चिघळते, तेच सांभाळायचं. नखं कापा, चावा साबणाने धुवा, कॅलामाइन लावा. पू झाला, ताप आला किंवा अंग सुजलं तर डॉक्टरांना दाखवा. एकाच पलंगावर झोपून एकाला गांधी उठतात आणि दुसऱ्याला काहीच नाही, असंही होतं. तेव्हा 'मला चावत नाहीत' म्हणणाऱ्यांच्या अंथरुणातही टॉर्च फिरवा.

लाजेचं मात्र मनापासून सांगायचं आहे. ढेकूण घाणीमुळे होत नाही. तो बॅगेतून, गादीतून, जुन्या फर्निचरमधून येतो, आणि रोज सारवलेल्या घरातही येतो. सासूबाईंच्या पलंगाचा किंवा तुमच्या कामाचा यात काही दोष नाही. लपवलं तर मुंबईची मंडळी बॅगा पलंगावर टाकतील आणि परत जाताना ढेकूण घेऊन जातील, किंवा तिकडचे इकडे आणतील. म्हणून आजच फोन करून सांगा: मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या सोबत आणा, बॅगा पिशवीत बांधून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवायच्या, पलंगावर किंवा पलंगाखाली नाही. परत गेल्यावर कपडे थेट गरम पाण्यात.

आणि माणसं जास्त म्हणून मंडपवाल्याकडून भाड्याने गाद्या आणणार असाल तर या वर्षी आणू नका. आणाव्याच लागल्या तर घरात घेण्याआधी खळ्यात, टॉर्च लावून, प्रत्येक गादीची चारही बाजूंची शिवण बघा. भजनाचं जाजमही गुंडाळी सोडून बघा. गणपती गेल्यावर वाट्या लगेच उचलू नका. शेवटचा पाहुणा गेल्यापासून सहा आठवडे त्या खुरांखालीच राहू द्या. वहीत त्या सहा आठवड्यांत एकही ढेकूण नोंदला गेला नाही, की मग वाट्या काढा.